आधी घोडा की आधी उंट?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, नोकरी सांभाळून बुद्धिबळाच्या रविवारच्या रॅपिड (कमी वेळेच्या डावांच्या) स्पर्धा खेळतो. पांढऱ्याने ई४ (राजापुढचं प्यादं दोन घरं) आणि मग इटालियन (घोडा एफ३, मग उंट सी४ ही सुरुवात), एवढंच नीट येतं. पण हल्ली बरेच जण दुसऱ्याच चालीला पेट्रॉफ (काळ्याने घोडा एफ६ ला काढायचा बचाव) खेळतात. आमचे एक सर म्हणाले, घोड्याआधी उंट सी४ ला काढ. तसं केलं तर पुढे तीच पोझिशन आली जी एरवी येते, मग उपयोग काय?

उत्तर : अहो, तीच पोझिशन आली हाच तर उपयोग! पेट्रॉफ कशावर चालतो बघा, तुमचा घोडा एफ३ ला येऊन ई५ च्या प्याद्यावर नजर ठेवतो आणि समोरचा ते वाचवायचं सोडून एफ६ ला घोडा काढून तुमच्या ई४ वरच उलटा हल्ला करतो. आता दुसऱ्या चालीला तुम्ही उंट सी४ ला काढला, त्याने घोडा एफ६, तुम्ही प्यादं डी३, त्याने घोडा सी६ आणि मग तुम्ही निवांत घोडा एफ३. झाली डी३ वाली शांत इटालियन आणि पेट्रॉफ आलाच नाही. फक्त डी३ च्या आधी घोडा काढायची घाई नको, तिसऱ्याच चालीला घोडा एफ३ केलात तर ई४ चं प्यादं उघडं पडतं, काळा ते घोड्याने मारतो आणि तुम्ही परत पेट्रॉफमध्येच.

पण ही ऑर्डर, म्हणजे चालींचा हा क्रम, फुकट मिळत नाही, सरांनी हे सांगितलं नसेल तर नक्की लक्षात घ्या. काळ्याचा वजिराकडचा घोडा अजून घरीच असतो, त्यामुळे डी३ नंतर तो सी६ ला घोड्याऐवजी प्यादं ढकलतो आणि पुढच्याच चालीला डी५, म्हणजे मध्यभाग त्याचा आणि तुमचा उंट बी३ ला मागे. नेहमीच्या इटालियनमध्ये सी६ वर घोडा आधीच बसलेला असतो म्हणून हे जमत नाही. घाबरायचं कारण नाही, तुम्ही घोडा एफ३, त्याने डी५, तुम्ही उंट बी३, त्याने उंट डी६, मग तुमचा दुसरा घोडा सी३ ला आणा म्हणजे डी५ वर तीन-तीन मोहऱ्यांचा दाब येतो, खेळ अगदी खेळण्यासारखा आहे. शिवाय घोडा जी५ ला नेऊन एफ७ वर करायचा हल्लाही हातातून जातो कारण ती चाल डी३ ला खर्च झाली. माझं विचाराल तर तुमच्यासारख्या कमी वेळ असणाऱ्याला हा सौदा परवडतो, पूर्ण पेट्रॉफ शिकण्यापेक्षा सी६ ची ही एकच लाइन नीट बघा.

प्रश्न : माझी मुलगी शाळेच्या टीममध्ये आहे. काळ्याने इटालियनला तिसऱ्या चालीत उंट सी५ काढावा की घोडा एफ६? (सिंहगड रोडहून एक आई)

उत्तर : ताई, सध्या उंट सी५. घोडा एफ६ ला गेला की तो वजिराच्या वाटेत येतो, मग पांढरा बिनधास्त घोडा जी५ ला नेऊन एफ७ वर दुहेरी हल्ला करतो आणि त्याला उत्तर द्यायला डी५, मग प्यादं मारल्यावर घोडा ए५, हे सगळं पाठ लागतं. उंट आधी काढला तर जी५ ला आलेला घोडा वजीर सरळ खातो. मात्र उंट सी५ मुळे बी४ चा एव्हान्स गँबिट (पांढरा मुद्दाम बी४ चं प्यादं देऊ करतो ती सुरुवात) येऊ शकतो, १९९५ साली रीगाला कास्पारॉव्हने आनंदला यातच हरवलं होतं, त्यामुळे त्याची तयारी हवीच. प्यादं खायचं, सी३ आल्यावर उंट ई७ ला आणायचा आणि डी४ आलं की घोडा ए५ ला नेऊन सी४ च्या उंटाला हलवायचं, प्यादं परत गेलं तरी हरकत नाही. आठवडाभर घरी एवढंच खेळवा तिच्याकडून, दोन्ही बाजूंनी.