मायर, मेयर, मेईर : जर्मन की ज्यू?

प्रश्न असा आला आहे : "मायर (मराठी पुस्तकांत मेयर) हे आडनाव जर्मन समजायचं की ज्यू? मूळ शब्द कोणता? आणि या आडनावाच्या माणसाने डीएनए तपासून घेतला तर त्याचं मूळ कळतं का?"

आडनाव दोघांचंही आहे, पण दोघांकडे ते वेगवेगळ्या वाटेनं आलं. एक वाट लॅटिनमधून येते, दुसरी हिब्रूमधून. जर्मन मुलखात दोन्ही शब्दांचे उच्चार इतके जवळ आले की लिहिताना फरक उरलाच नाही. डीएनएकडे नंतर वळू, कारण आधी शब्द नीट पाहिल्याशिवाय त्या तपासणीचा अर्थ लागत नाही.

अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्यांना हे आडनाव चांगलं ओळखीचं असतं. वायूच्या दोन विशिष्ट उष्मांमधला फरक सांगणारा मेयरचा संबंध हाइलब्रॉनच्या रोबेर्ट मायर यांचा. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा विचार 1842मध्ये मांडणारे तेच. अणुआकारमानाचा प्रसिद्ध आलेख लोथार मायर यांचा. बाष्पाच्या घनतेवरून रेणुभार काढण्याची रीत आणि अल्कोहोल ओळखण्याची तांबड्या-निळ्या रंगांची परीक्षा व्हिक्टर मायर यांची. यांतले पहिले दोघे ख्रिस्ती जर्मन घरांतले, तिसरे बर्लिनच्या ज्यू कुटुंबातले. स्पेलिंगवरून काही कळेल म्हणावं, तर लोथार आणि व्हिक्टर दोघेही आडनाव 'एम-ई-वाय-ई-आर' असंच लिहीत.

आता जर्मन वाट. लॅटिनमध्ये 'मायोर' म्हणजे अधिक मोठा. फ्रँक राजांच्या दरबारात 'मायोर डोमुस' हा राजवाड्याचा मुख्य कारभारी असे. शार्ल मार्तेल याच पदावर होता, आणि 751मध्ये त्याचा मुलगा पेपिन थेट राजाच झाला. पुढे हा शब्द दरबारातून गावात उतरला. जमीनदाराच्या किंवा मठाच्या शेतीवर देखरेख करणारा, कुळांकडून वसूल गोळा करणारा तो 'मायर'. कोकणातल्या खोताशी त्याचं बरंच जुळतं, अगदी हुद्द्याचं आडनाव होण्यापर्यंत. कालांतराने मोठं शेत कसणाऱ्या कुळालाही मायर म्हणू लागले. असे मायर गावोगावी होते, म्हणून आडनावही गावोगावी तयार झालं. सगळी स्पेलिंगं एकत्र धरली तर जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या आडनावांत ते बसतं. इतके मायर झाल्यावर त्यांच्यात ओळख ठेवायला जोडनावं आली : वरच्या बाजूचा तो ओबरमायर, खालच्या बाजूचा तो नीडरमायर.

याच लॅटिन शब्दातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'मेयर' आला, म्हणजे आपला महापौर. भाषाप्रेमींसाठी इथे एक सुंदर गोष्ट आहे. लॅटिन 'मायोर' आणि 'माग्नुस' ज्या प्राचीन धातूपासून निघाले, त्याच धातूपासून संस्कृतातला 'महा' निघाला. त्यामुळे महापौरातला 'महा' आणि इंग्रजी मेयर हे खरोखरीचे भाऊबंद आहेत. उच्चाराच्या योगायोगावर रचलेल्या व्युत्पत्ती पुष्कळ फिरतात. ही मात्र त्यांतली नाही.

हिब्रू वाटेवर 'ओर' म्हणजे प्रकाश आणि 'मेईर' म्हणजे प्रकाश देणारा. हे मुळात आडनाव नव्हे, मुलाचं पाळण्यातलं नाव. दुसऱ्या शतकातल्या रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) मेईर यांचं नाव मिश्ना या धर्मग्रंथात वारंवार येतं, आणि त्यांच्यामुळे ते ज्यू घरांत पिढ्यान् पिढ्या ठेवलं गेलं. जर्मन मुलखात या नावाला आणखी वजन आलं ते रोथेनबुर्गच्या रब्बी मेईर यांच्यामुळे. तेराव्या शतकातले ते तिथले सर्वांत मोठे धर्मपंडित. 1286मध्ये राजा रुडोल्फने त्यांना कैद केलं. परंपरा सांगते की समाज खंडणी भरायला तयार होता, पण रब्बींनी मनाई केली. एकदा पैसे दिले की उद्या प्रत्येक रब्बी पकडला जाईल, हे त्यांना दिसत होतं. 1293मध्ये ते कैदेतच वारले. देहही ताब्यात मिळेना. अखेर 1307मध्ये अलेक्झांडर नावाच्या एका धनिकाने मोठी रक्कम मोजून तो सोडवला आणि एकच मागणं मागितलं : आपल्याला त्यांच्या शेजारी पुरावं. वोर्म्सच्या जुन्या ज्यू दफनभूमीत त्या दोघांचे दगड आजही शेजारी-शेजारी उभे आहेत. असं नाव लोक आपल्या मुलांना का देत राहिले, हे वेगळं सांगायला नको.

बहुतेक जर्मन ज्यूंना अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पिढीजात आडनावच नव्हतं. याकोब बेन मेईर, म्हणजे मेईरचा मुलगा याकोब, एवढं पुरत असे. रोथशिल्ड घराण्याचा मूळपुरुष मायर आमशेल, त्याचंही 'मायर' हे पहिलं नाव. मग सरकारांना कर आणि सैन्यभरतीसाठी कायम आडनावं हवी झाली. ऑस्ट्रियाच्या जोसेफ दुसऱ्याने 1787मध्ये, नेपोलियनने 1808मध्ये, प्रशियाने 1812मध्ये आणि बव्हेरियाने 1813मध्ये तसे हुकूम काढले. ज्याच्या बापाचं किंवा आजाचं नाव मेईर होतं, त्याच्यापुढे सोपा पर्याय होता. तेच नाव 'मायर' असं लिहून द्यायचं. घरातलं नावही राहिलं आणि कारकुनालाही ते ओळखीचं वाटलं. दोन प्रवाह मिळाले ते इथे, कचेरीतल्या नोंदवहीत.

उलटा प्रवासही झाला. गोल्डा माबोविच कीव्हमध्ये जन्मली, लग्नानंतर मेयरसन झाली, आणि 1956मध्ये इस्राएलची परराष्ट्रमंत्री झाल्यावर पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या आग्रहाखातर तिने आडनाव हिब्रू केलं : मेईर. जर्मन वळणाचं नाव पुन्हा मूळ प्रकाशापाशी गेलं.

आडनावावरून ज्यू ओळखता येतो, ही समजूत किती पोकळ आहे याचा सर्वांत भीषण पुरावा नाझींनीच देऊन ठेवला आहे. ऑगस्ट 1938मध्ये त्यांनी हुकूम काढला की ठरावीक यादीतलं नाव नसलेल्या प्रत्येक ज्यू पुरुषाने आपल्या नावात 'इस्राएल' आणि प्रत्येक ज्यू स्त्रीने 'सारा' जोडायचं. वंशाच्या वेडाने पछाडलेल्या राजवटीलाही केवळ नावावरून माणूस ओळखता येत नव्हता, म्हणून ही सक्ती. मला या प्रश्नात हा मुद्दा सगळ्यांत मोलाचा वाटतो.

आता डीएनए. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, आडनावही तसंच जातं. म्हणून एका आडनावाचे पुरुष एकाच पूर्वजाचे असतील तर त्यांची वाय गुणसूत्रं जुळतात. मायरांना असा एक पूर्वज नाहीच. हजार गावांतले हजार कारभारी आणि शेकडो घरांतले मेईर नावाचे आजे, इतकी ती मुळं. त्यातून ज्यू घराण्यांची आडनावं बहुधा दोन-अडीचशे वर्षांचीच. सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावं नोंदवल्याचीही उदाहरणं आहेत. त्यामुळे 'मायर आडनावाचा डीएनए' असं काही संभवत नाही. अगदी कोहेन हे वंशपरंपरेनं चालणारं पुरोहितपद घ्या. 2009च्या एका अभ्यासात तपासलेल्या कोहेन पुरुषांपैकी सुमारे 46 टक्के एका पितृवंशाचे निघाले. खूपच मोठा वाटा, पण तिथेही निम्म्याहून अधिक लोक त्याबाहेरचे.

व्यक्तीचं मूळ मात्र बऱ्यापैकी कळतं. युरोपातले अश्केनाझी ज्यू साधारण 600 ते 800 वर्षांपूर्वी फार लहान गटात आकसले होते. 2014च्या संशोधनाने त्या गटाचा प्रभावी आकार, म्हणजे पुढच्या पिढ्यांना वारसा देणाऱ्यांची अंदाजी संख्या, सुमारे 350 काढला. त्यानंतर लग्नं बहुतांशी आपसातच झाल्याने ठरावीक जनुकीय तुकडे आजच्या लोकांत वारंवार दिसतात, आणि तपासणीत ते लगेच ओळखू येतात. जर्मनीतल्या एर्फुर्टच्या मध्ययुगीन ज्यू दफनभूमीतल्या 33 जणांच्या दातांतून काढलेला डीएनए 2022मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यपूर्वेचा आणि युरोपचा असे दोन्ही वारसे एकत्र आढळले, आणि चौदाव्या शतकातल्या त्या एका गावातही दोन वेगळे गट दिसले. म्हणजे 'शुद्ध' मूळ शोधणाऱ्याला तिथेही मिसळणच मिळते.

हाच पेच आपल्याकडे दिवेकर या आडनावात आहे. दिवेआगरचे ते दिवेकर, चित्पावनांतही आणि बेने इस्राएलांतही, म्हणजे कोकणातल्या ज्यूंतही. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) 1796मध्ये बांधणारे शामाजी हसाजी दिवेकर बेने इस्राएल होते. किहीमकर, पेणकर, रोहेकर ही नावंही गावांवरूनच आलेली, जसे ओपेनहाइम गावचे ओपेनहाइमर. 2016च्या अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे दिसले. आडनाव फक्त गाव सांगतं.

तेव्हा तुमच्या ओळखीच्या कुणा मायरचं मूळ शोधायचं असेल तर स्पेलिंग बाजूला ठेवा आणि आजा-पणजाची पहिली नावं, गाव आणि नोंद कुठे आहे ते बघा. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत सतराव्या शतकापासून मायर सापडले तर बहुतेक कारभाऱ्याचं घराणं. नाव 1812च्या सुमारास अचानक उगवलं आणि त्याआधीच्या पिढीत 'बेन मेईर' दिसला, तर तो रब्बींच्या नावाचा.