वाचक विचारतात: बार्शी लाइटचे हलके रूळ

प्रश्न: बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचे रूळ अगदी काडीसारखे होते, असं घरची जुनी माणसं सांगतात. त्यावर मालगाडी कशी चालायची? आणि चालत होती, तर लाइन बदलली कशाला? (एक वाचक, बार्शी)

उत्तर: रूळ वाकतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, एका आसाखाली (चाकांची जोडी ज्या दांड्यावर बसते तो) येणाऱ्या भाराने. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने सगळी आखणी यावरच केली. इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही आसावर 5 टनांहून जास्त भार द्यायचा नाही. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या पहिल्या इंजिनांना तब्बल सहा आस होते: चार ओढणारे, दोन मागे आधाराला. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे. त्यांचं स्वतःचं वजन कमी, म्हणून माल जास्त मावे. रुळांतलं अंतर अडीच फूट. 1897 मध्ये कुर्डुवाडी (तेव्हाचं बार्शी रोड) ते बार्शी गाडी सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. एकूण सुमारे 325 किलोमीटर.

दुखणं होतं कुर्डुवाडीला. मुख्य लाइन साडेपाच फुटी, त्यामुळे वाघीण पुढे जाऊच शकत नसे. प्रत्येक पोतं हमालाच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात. मजुरी दुहेरी, पोती फाटून धान्य सांडे, आणि पलीकडे रिकामी वाघीण उभी नसेल तर माल तिथेच पडून. रस्त्याने ट्रक सुरू झाल्यावर दारातून दारात माल जाऊ लागला. मग हा खोळंबा कोण सोसणार?

म्हणून ही लाइनही साडेपाच फुटी केली. या रुंदीकरणाने काय साधलं ते एप्रिल 2016 मध्ये दिसलं. मिरजेहून लातूरला पाणी घेऊन पहिली गाडी याच मार्गाने आली: 10 टाक्या, प्रत्येकीत सुमारे 50,000 लिटर. म्हणजे एका टाकीत नुसतं पाणीच 50 टन. जुन्या चार आसांच्या वाघिणीला मालासकट 20 टनांची मर्यादा होती. आता जवळपास तेवढा भार एकेका आसावर येतो. तहानलेल्या लातूरला त्या जुन्या रुळांवरून एवढं पाणी एका खेपेत पोचलंच नसतं.

प्रश्न: धाराशिवचं स्टेशन जुन्या लाइनवर कुठे होतं?

उत्तर: नव्हतंच. जुनी गाडी येडशीवरून परस्पर तडवळ्याकडे जायची. धाराशिवकरांना येडशी गाठावी लागे. रुंदीकरणात मुद्दाम वळण देऊन रूळ शहरापर्यंत नेले.