फोनच्या यंत्रणेची किल्ली कुणाकडे?

प्रश्न : आमच्या कार्यालयात ४० एक्स्टेंशनचा ईपीएबीएक्स (कार्यालयातले फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारा डबा) आहे. त्याचं एक कार्ड जळालं, तर विक्रेता म्हणतो, ‘हे मॉडेल बंद झालं, सगळंच नवीन घ्या.’ नव्या यंत्रणेत दर एक्स्टेंशनला लायसन्स, रेकॉर्डिंगचं वेगळं, व्हॉइसमेलचं वेगळं. आमचे संगणक सांभाळणारा सहकारी सांगतो, ‘अ‍ॅस्टरिस्क हे फोन जोडून देणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते बसवू.’ फुकटच्या वस्तूवर कार्यालयाचे फोन सोपवायला मन धजत नाही. काय करावं?

उत्तर : तुमच्या सहकाऱ्याचं ऐका, पण ‘फुकट’ हा शब्द आधी डोक्यातून काढून टाका. लायसन्सचे पैसे वाचतात. सर्व्हर, गेटवे (जुने फोन आणि लाइन सर्व्हरला जोडणारं उपकरण), बॅकअप आणि ही यंत्रणा कळणारा माणूस यांचे द्यावेच लागतात.

मी वीसेक वर्षं कार्यालयांचे टेलिफोन बसवतो आहे. सुरुवातीची बरीच वर्षं फक्त कंपन्यांचे बंद डबेच बसवले. एका ग्राहकाने सुट्टीसाठी ‘कार्यालय बंद आहे’ ही घोषणा लावून घेतली होती. सुट्टी संपली, कार्यालय उघडलं, पण घोषणा काढता येईना. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड विक्रेत्याकडे आणि त्याचा माणूस गावाला गेलेला. चार दिवस फोन करणाऱ्या प्रत्येकाला कार्यालय बंदच असल्याचं ऐकू येत होतं. आपल्याच भिंतीवरच्या डब्याला आपल्याला हात लावता येऊ नये, हे मला तेव्हा फार लागलं.

अ‍ॅस्टरिस्कचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. १९९९ मध्ये अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाला लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीच्या आपल्या छोट्या व्यवसायासाठी फोनयंत्रणा हवी होती. विकतची परवडेना, म्हणून त्याने स्वतःच लिहिली आणि कोड सर्वांसाठी खुला केला. त्याने काढलेली डिजियम ही कंपनी २०१८ मध्ये सॅंगोमाने विकत घेतली. मालक बदलला, पण जीपीएल या खुल्या परवान्याखाली बाहेर आलेला कोड कुणाला परत मागता येत नाही. ‘मॉडेल बंद झालं’ म्हणून तुम्हाला अडवता येत नाही, ते यामुळे. त्यावर फ्रीपीबीएक्स हे नियंत्रणाचं सॉफ्टवेअर घेतलंत तर रोजचे बदल ब्राउझरमधून होतात. नवं एक्स्टेंशन जोडणं दोन मिनिटांचं काम.

सगळे फोन बदलायची गरज नाही. साधे अ‍ॅनालॉग फोन आणि त्यांची वायरिंग एफएक्सएस गेटवेवर, म्हणजे साधे फोन जोडायच्या गेटवेवर, चालते. जुन्या कंपनीचे खास डिजिटल फोन मात्र बाद होतील, कारण ते फक्त तिच्याच डब्याशी बोलतात. आयपी फोन (संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे) घ्याल तर एसआयपी हा कॉल जोडण्याचा खुला नियम पाळणारे घ्या, म्हणजे उद्या फोन एका कंपनीचा आणि सर्व्हर दुसरा असला तरी अडत नाही. इंटरनेटच्या वेगाची फार चिंता करू नका. जी.७११ कोडेकवर (आवाज डिजिटल करण्याची एक पद्धत) एका संभाषणाला प्रत्येक दिशेला सेकंदाला ९० किलोबिटच्या आतच लागतात. आवाज तुटतो तो बहुधा त्याच लाइनवर कुणीतरी मोठी फाइल चढवत असल्यामुळे, म्हणून राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्यायला सांगा.

आता ज्या गोष्टीने खरं नुकसान होतं, ती. मी पाहिलेल्या एका कार्यालयात २०१ नंबरच्या एक्स्टेंशनचा पासवर्डही २०१ होता आणि सर्व्हरचं ५०६० पोर्ट, म्हणजे एसआयपी कॉल आत येण्याचं दार, इंटरनेटवर उघडं. शनिवारी रात्री कुणीतरी बाहेरून शिरलं आणि सोमवारी सकाळपर्यंत परदेशी कॉल होत राहिले. बिल कार्यालयाने भरलं. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, बसवणाऱ्याचा होता. लांबलचक पासवर्ड ठेवा, हे पोर्ट फक्त फोनसेवा देणाऱ्या कंपनीच्या इंटरनेट पत्त्यांना उघडं ठेवा, बाहेरून कुणाला जोडायचं असेल तर व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून). चुकीचे पासवर्ड टाकत राहणाऱ्याला अडवणारं फेल२बॅन चालू हवं. परदेशी कॉल मुळातच बंद, ज्याला लागतील त्यालाच सुरू. कंपनीकडे रोजच्या खर्चाची मर्यादा घालून मिळत असेल तर तीही घाला.

तुमच्या सहकाऱ्याबद्दल एक विचारतो, राग मानू नका. उद्या तो नोकरी सोडून गेला तर? मी अशीही कार्यालयं पाहिली आहेत जिथे यंत्रणा ओपन सोर्स (खुल्या कोडची), पण रूट पासवर्ड (सर्व्हरवर सगळे अधिकार देणारा) गेलेल्या माणसाच्या डोक्यात. म्हणजे पुन्हा बंद डबाच. पासवर्ड बंद पाकिटात तुमच्या कपाटात हवेत, कोणता कॉल कुठून कुठे जातो याचा कागदावर नकाशा हवा, आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून त्यावरून फोन लागतो हे तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. हे करायला सहकारी तयार नसेल, किंवा अडीअडचणीला धावून येणारा दुसरा जाणकार मिळत नसेल, तर मी स्वतः तुम्हाला तूर्त लायसन्सवालीच यंत्रणा घ्या असं सांगेन.

तयार असेल तर जुना डबा एकदम काढू नका. नवा सर्व्हर त्याच्याशेजारी ठेवून दोन्ही ट्रंकने (दोन यंत्रणांमधल्या जोडलाइनने) जोडा आणि आधी चारपाच फोन हलवा, मग एकेक विभाग. रिसेप्शन सगळ्यात शेवटी. शेवटची वायर काढण्याआधी लिफ्टमधला फोन, आगीच्या अलार्मची लाइन आणि फॅक्स कुठे जोडलेत ते शोधा. बहुतेक वेळा ते त्याच जुन्या डब्यातून गेलेले असतात आणि कुणाच्या यादीत नसतात. लिफ्ट आणि अलार्म यांना मी नेहमी सर्व्हरला वळसा घालून थेट लाइन देतो.