पडताळ्यातला ताळा

जुळे सोलापुरातल्या एका शिक्षकांनी विचारलंय: मतमोजणीच्या प्रशिक्षणात 'निकालाची खातरजमा करा', 'पडताळणी करा', 'सत्यापन करा' असे तीन शब्द एकाच अर्थाने कानावर आले. तिन्ही एकच का? आणि 'प्रमाणित करणे' त्यातच येतं का?

एकच नाहीत. 'खातरजमा' हा शब्द तर मोजणीच्या टेबलाजवळ येताच कामा नये. दर निकालाच्या दिवशी वाहिन्यांवर 'अधिकाऱ्यांनी आकड्यांची खातरजमा केली' हे वाक्य ऐकतो आणि दर वेळी चिडतो. अरबी 'खातिर' म्हणजे मन, 'जमा' म्हणजे गोळा झालेलं. विखुरलेलं मन ठिकाणावर आलं की खातरजमा झाली. ती माणसाची होते, आकड्याची नाही. अधिकाऱ्याचं मन निवांत झालं की नाही याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले का, एवढाच त्याचा सवाल.

'सत्यापन' हिंदी फॉर्मांतून आपल्याकडे शिरलं. शब्द अस्सल संस्कृत आहे, पण अमरकोशात तो वैश्यवर्गात येतो आणि तिथे त्याचा अर्थ सौदा पक्का करणं, आपण ज्याला इसार म्हणतो ते. निकालाच्या शेजारी सौद्याचा शब्द मला नको.

राहिली पडताळणी. तिच्या पोटातला 'पडताळा' हा मराठीतल्या सगळ्यात नेमक्या शब्दांपैकी एक आहे.

'पड' म्हणजे प्रति. प्रतिच्छाया ती पडछाया, प्रतिशब्द तो पडसाद, प्रतिजिह्वा ती पडजीभ. प्राकृतात 'प्रति'चं 'पडि' झालं, तिथून हे सगळं गणगोत आलं. हिंदी शब्दसागर मात्र 'पड़ताल'ची व्युत्पत्ती 'परितोलन' अशी देतो. मला ती अजिबात मान्य नाही. 'परि'तल्या र-चा आपल्याकडे ड होत नाही. परिमलाचा परिमळ झाला, पडिमळ नाही. आणि 'तोल'मधला ओ कुठल्या वाटेने आ झाला? कोशकार मोठे खरे, पण इथे त्यांनी नुसता अर्थ पाहून शब्द जुळवलाय.

उरला 'ताळा'. शाळेत वजाबाकी झाली की गुरुजी म्हणायचे, 'ताळा करून पाहा'. वजा केलेली संख्या उत्तरात मिळवायची आणि मूळ संख्या येते का बघायचं. माझे वडील चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. रात्री फळ्या लावायच्या आधी ते रोजकीर्दीची बेरीज करत आणि मालकांचा मुलगा गल्ल्यातली रोकड मोजत असे. एकमेकांचा आकडा आधी सांगायचा नाही, असा नियम होता. दोघं एकदम बोलत. जुळलं तर 'ताळा जमला' म्हणून वडील टाक पुसत. एकदा सव्वा रुपयाचा फरक निघाला तेव्हा साडेदहापर्यंत दोघं पुन्हा पुन्हा मोजत बसलेले मला आठवतात. शेजारच्या पेढीवरचे कन्नड बोलणारे दिवाणजी यालाच 'ताळे नोडु' म्हणत. सोलापुरात हा शब्द दोन्ही भाषांत एकाच कामाला आहे.

आता दुकानोदुकानी संगणकात टॅली आल्यापासून 'ताळा' म्हणजे इंग्रजी 'टॅली'च, असं मला ठासून सांगणारे भेटतात. साफ चूक. टॅलीचं मूळ लॅटिन 'टालेआ', म्हणजे कापलेली काठी. तिच्यावर खाचा पाडून हिशेब ठेवत. आपला ताळा, माझ्या मते, संस्कृत 'ताल'मधून येतो: तळहात, आणि दोन तळहातांची टाळी. एक हात पहिल्या मोजणीचा, दुसरा दुसऱ्या मोजणीचा. दोन्ही एकमेकांवर नेमके बसले तरच आवाज येतो. पडताळा म्हणजे समोरून आलेला दुसरा हात.

आणि निवडणुकीचे नियम हुबेहूब असेच बांधलेत. १९६१च्या निवडणूक संचालन नियमांप्रमाणे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सीच्या पहिल्या भागात नोंदलेल्या मतांचा हिशेब लिहितो आणि त्याची साक्षांकित प्रत मतदान प्रतिनिधींना देतो. हा पहिला हात. मोजणीच्या दिवशी यंत्रावरचा एकूण आकडा त्या कागदाशी ताडून बघायचा, हा दुसरा. त्यापुढे व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची छापील चिठ्ठी दाखवणारं यंत्र: एप्रिल २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सोलापूर लोकसभेत ६ विधानसभा क्षेत्रं, म्हणजे ३० यंत्रं. आकडा जुळला नाही तर चिठ्ठ्यांचा धरायचा. अधिकाऱ्याच्या मर्जीवर यातलं काहीच नाही. मराठी कायद्यात 'करील' (म्हणजे करावंच लागेल) आणि 'करता येईल' (म्हणजे वाटलं तर करावं) यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे; ही सगळी 'करील'ची कामं. उमेदवाराने फेरमोजणीचा लेखी अर्ज दिला तर तो मान्य करायचा की फेटाळायचा हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो, पण कारणं लिहूनच.

डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत ग्रामस्थांनी मतपत्रिकांवर गावापुरतं मतदान घ्यायचं ठरवलं होतं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्या दिवसांत त्याला कुणी फेरमोजणी म्हणे, कुणी फेरमतदान, कुणी पडताळणी. त्यामागची तळमळ मला कळते. आपल्या गावाचा आकडा पटत नसेल तर माणूस गप्प कसा बसेल? पण शब्दापुरतं सांगायचं तर ताळा त्याच बेरजेचा घेतात. नव्याने मतं मागितली की ती दुसरीच बेरीज होते.

'प्रमाणित करणे' वेगळं, आणि नेहमी नंतरचं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१च्या कलम ६६ खाली निकाल जाहीर होतो, मग विजयी उमेदवाराच्या हाती प्रमाणपत्र पडतं. तेव्हा गुरुजी, वहीत आधी 'पडताळा' लिहा, 'प्रमाणित' त्याच्या खालच्या ओळीत. आणि टेबलावर बसाल तेव्हा १७-सीचा आकडा आधी वाचून दाखवू नका. शेजाऱ्याला यंत्रावरचा आकडा बोलू द्या, मग कागद उलटा.