गावाच्या मध्यावरची खासगी जागा: पाठिंबा द्यावा का, आणि कसा?

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या गावात बसस्थानक आणि बाजारपेठ यांच्या मधोमध असलेले जुने जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून गाठी बांधण्याचा कारखाना) कित्येक वर्षे बंद आहे. जागा खासगी मालकीची असून रस्त्याकडील बाजूस काही भाडेकरू दुकानदार आहेत. मालकांनी आता तेथे खाली दुकाने, वर सदनिका आणि पुढे मोकळा चौक असा प्रकल्प आखला आहे. ‘प्रकल्पास नागरिकांचा पूर्ण पाठिंबा आहे’ एवढ्याच मजकुराच्या पत्रावर व्यापारी मंडळ सह्या घेत आहे. जागा खासगी असताना आमच्या पाठिंब्याला काही अर्थ आहे का, आणि सही करावी का?
— एक वाचक, विदर्भ

उत्तर: पाठिंबा अवश्य द्यावा, मात्र या पत्रावर सही करू नये, स्वतःचे पत्र लिहावे.

कापूस बैलगाड्यांनी येत असे त्या काळात जिनिंग-प्रेसिंग बाजाराला आणि रेल्वेला लागून उभी राहिली, आणि म्हणूनच ती बंद पडली की गावातील सर्वांत मोक्याची जागा कुंपणाआड अडकून पडते. पाणी, वीज, गटार आणि रस्ता तेथे आधीच पोहोचलेले असतात. तरीही नवी वस्ती गावाबाहेरच्या काळ्या मातीच्या शेतांत पसरते आणि तिच्यासाठी नगर परिषदेला सगळ्या सोयी नव्याने न्याव्या लागतात. अशी जागा पुन्हा वापरात येणे गावाच्या हिताचे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पाठिंब्याला कायद्याने किती वजन आहे, हे मंजूर विकास योजनेत, म्हणजे गावातील जमिनीचा वापर ठरवणाऱ्या आराखड्यात, ती जागा कोणत्या विभागात (निवासी, व्यापारी की औद्योगिक) दाखवली आहे यावर ठरते. नियोजित वापर त्या विभागात चालत असेल, तर नेहमीच्या बांधकाम परवानगीसाठी नागरिकांकडून हरकती मागवल्या जात नाहीत. तेव्हा आपले पत्र मुख्याधिकाऱ्यांना आणि नगरसेवकांना केलेली विनंती ठरते. जागा औद्योगिक विभागात असून त्यासाठी विकास योजनेत फेरबदल करावा लागणार असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या आत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. ‘हरकती’ हा शब्द सर्वांच्या लक्षात राहतो, पण त्याच्या जोडीला ‘सूचना’ हा शब्दही कायद्यात आहे, आणि प्रकल्पाच्या बाजूने असलेला नागरिक त्याच मुदतीत आपल्या अटींसह लेखी म्हणणे मांडू शकतो.

अटींवर मी एवढा भर देतो, त्याचे कारण मुंबईच्या गिरणगावात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ मुळे, मोठ्या गिरणी-जमिनींच्या पुनर्विकासात साधारणपणे तीन वाटे होणार होते: एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली आणि गिरणीच्या इमारती पाडल्यावर मोकळी होणारी जमीन हिशेबातून वगळली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने अर्थ लावला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. मैदाने आणि परवडणारी घरे यांच्या वाट्याला येणारी जमीन त्यामुळे फार कमी झाली, आणि ज्यांनी त्या गिरण्यांत आयुष्य घालवले त्या कामगारांच्या हक्काच्या घरांची आशा आक्रसली. ही गोष्ट आजही मला अस्वस्थ करते. ‘मोकळी’ या एका शब्दाच्या व्याख्येने एवढा फरक पडला.

तुमच्याकडील जागेच्या मालकांनी सांगितलेला ‘मोकळा चौक’ म्हणूनच मंजूर होणाऱ्या नकाशात लांबी-रुंदीसह दाखवलेला असावा, तो सर्वांसाठी खुला राहील ही अट परवानगीत लिहिलेली असावी आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) मिळण्यापूर्वी तो पूर्ण व्हावा, असे पत्रात स्पष्ट म्हणा. बसस्थानकातून बाजारात जाणारी पायवाट, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि दुकानांच्या गाड्यांसाठी आवारातच वाहनतळ यांचीही नावानिशी मागणी करा. सभेत दिलेला शब्द मालक बदलला की संपतो, आणि अशा जागा बांधकाम सुरू होण्याआधीच विकल्या जाणे नवलाचे नाही.

भाडेकरू दुकानदारांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण आहे. त्यांनी नव्या इमारतीतील गाळ्याचा करार जागा सोडण्यापूर्वी नोंदणीकृत करून घ्यावा. सदनिका घेणाऱ्यांनी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील, नोंदणी तपासावी. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि सदनिका व गाळे मिळून आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणीशिवाय विक्री करता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते.

नगर परिषदेकडे अर्ज करून विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला (जागा कोणत्या विभागात आहे हे सांगणारा कागद) या आठवड्यातच मागून घ्या, कारण फेरबदलाची सूचना एकदा प्रसिद्ध झाली की कागद जमवण्यातच तो महिना निघून जातो.