'अजून इथंच का गं?' : व्हिसाची वाट बघत सासरी अडकलेल्या एकीला

पत्र थोडक्यात असं आहे:

"मावशी, माझं वय ३३. मे २०२४ मधे लग्न झालं. नवरा डॅलसला असतो, त्याला सप्टेंबर २०२२ ला ग्रीन कार्ड मिळालं. लग्नानंतर तीन आठवड्यांनी तो परत गेला. सहा-आठ महिन्यांत होईल असं सगळे म्हणाले म्हणून मी हिंजवडीतली टेस्टिंगची नोकरी सोडली आणि कराडला सासरी आले. अजून काहीच नाही. विचारलं की नवरा म्हणतो, लॉयर बघतोय. मी जाताना न्यायची म्हणून सासूबाईंनी दोनदा भाजणी केली, दोन्ही वेळा जाळी लागून टाकून द्यावी लागली. शेजारची सून तीन महिन्यांत गेली, तुझंच काय अडलंय, असं हळदीकुंकवाला तोंडावर विचारतात. मूल कधी, हेही असतंच. रोज फोनवर भांडण होतं. एक एजंट म्हणतो टूरिस्ट व्हिसा करून देतो. नवऱ्यालाच सहा-आठ महिने इकडे बोलावू का? काय करू? – वाट बघणारी"

अगं, सही करायला तरी दुसरं नाव घ्यायचंस. असो.

तुझ्या पत्रात व्हिसा व्हिसा बरंच आहे पण मला खरी काळजी वाटली ती दोनच गोष्टींची, एक म्हणजे तू नोकरी सोडलीस आणि दुसरी म्हणजे 'लॉयर बघतोय'. उशीर होतोय हे खरंच आहे, त्याचा त्रास होणारच, पण सहा-आठ महिने हा आकडा तुला दिला कोणी? त्या एका चुकीच्या आकड्यावर तू घर बदललंस, गाव बदललंस, पगार सोडलास. आकडा चुकला म्हणजे त्याच्यावर घेतलेले निर्णय पण बदलता येतात, ते काय दगडावर कोरलेले नाहीत.

आधी शेजारच्या सुनेचं बघू, कारण ती तुझ्या डोक्यात घर करून बसलीय. तिचा नवरा बहुतेक एच-१बी वर, म्हणजे तिकडच्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असणार. त्याच्या बायकोला सोबत राहायचा एच-४ व्हिसा मिळतो, त्याला वर्षाचा कोटा नसतो, अपॉइंटमेंट मिळाली, इंटरव्ह्यू झाला की गेली. तुझा नवरा तिच्या नवऱ्यापेक्षा 'पक्का' झालेला आहे, ग्रीन कार्डवाला आहे, आणि नेमकं म्हणूनच तुला जास्त थांबावं लागतंय. उलटंच आहे हे, पण कायदा तसाच आहे. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोची कॅटेगरी एफ-२-ए, त्यात नवरा-बायको आणि २१ च्या आतली बिनलग्नाची मुलं मिळून सगळ्या जगासाठी वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसा, त्याच्यापेक्षा जास्त लोक रांगेत असले की तारीख अडकते. जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात ही रांगच नव्हती, आणि तेव्हा ज्यांचं झालं त्यांचं ऐकून लोक अजून तेच आकडे सांगत बसतात. एप्रिल २०२३ पासून रांग परत लागली. तेव्हापासून अर्जापासून व्हिसापर्यंत दोन-तीन वर्षं धरून चालावं लागतं. त्याच्या ग्रीन कार्डच्या आधी लग्न झालं असतं तर तू त्याच्याच केसमधे मागोमाग गेली असतीस, पण तेव्हा तुम्ही एकमेकांना ओळखतही नव्हतात, सो ते सोड. आणि हो, भारतीयांची रांग पन्नास-शंभर वर्षांची आहे वगैरे जे ऐकतेस ना, ती नोकरीवरून ग्रीन कार्ड मागणाऱ्यांची, तुझी नाही. एफ-२-ए मधे भारताची तारीख बाकी बहुतेक जगाइतकीच चालते.

हे सगळं सासूबाईंना एकदा नीट बसून सांग. त्यांना वाटत असणार मुलगाच चालढकल करतोय नाहीतर सुनेच्या कागदात काहीतरी खोट आहे. दोन्ही कडूच.

आता 'लॉयर बघतोय'. लग्नाला इतके दिवस झाले आणि तू मला अर्ज कधी भरला ती तारीख लिहिलेली नाहीस, म्हणजे ती तुला माहीतच नाही, बरोबर? अगं केस त्याच्या नावाने आहे तशी तुझ्याही नावाने आहे. आय-१३०, म्हणजे नवऱ्याने बायकोसाठी भरायचा अर्ज, भरला की इमिग्रेशनकडून पावती येते, तिला आय-७९७ म्हणतात, त्यावर तीन इंग्लिश अक्षरं आणि पुढे दहा आकडे असा नंबर असतो. तो नंबर यूएससीआयएसच्या, म्हणजे त्याच इमिग्रेशन खात्याच्या साइटवर टाकला की केस कुठे आहे ते दिसतं, लॉगिन नाही पासवर्ड नाही, तू कराडला बसून मोबाईलवर बघू शकतेस. आणि त्याच पावतीवर प्रायॉरिटी डेट असते, म्हणजे अर्ज त्यांच्याकडे पोचला तो दिवस. तोच तुझा रांगेतला नंबर. लग्न मे मधे झालं म्हणून रांग मे पासून सुरू होत नाही, अर्ज पोचला तिथून होते. मग दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात एफ-२-ए च्या ओळीत बघायचं. तक्ते दोन असतात, इंटरव्ह्यू आणि व्हिसासाठी फायनल ॲक्शनवाला खरा, दुसरा नुसता कागद जमा करायला कधी बोलावतील ते सांगतो. फायनलवाली तारीख तुझ्या तारखेच्या पुढे गेली की तुझा नंबर लागला. कधी तीन महिने सरकते, कधी हलत नाही, कधी मागे पण येते, त्यामुळे महिन्यातून एकदाच बघ, रोज उघडून बसू नकोस. आणि एक लक्षात ठेव, आय-१३० मंजूर झाला म्हणजे व्हिसा आला असं नाही. बऱ्याच घरांत तिथे पेढे वाटून मोकळे होतात आणि मग परत वर्ष जातं.

तर नवऱ्याकडे पावतीचा फोटो माग. भांडून नको, साधं व्हॉट्सॲप कर, 'पावती पाठव ना, मलाही ट्रॅक करायचंय.' शंभरातले बरेच नवरे लपवत वगैरे नसतात, त्यांना वाटतं हिला कशाला टेन्शन, किंवा खरं सांगायचं तर त्यांनी अर्जच उशिरा भरलेला असतो आणि ते कबूल करायची लाज वाटते. तसं असेल तर एकदा काय ते होऊन जाऊ दे, निदान खरी तारीख तरी कळेल. पण मागूनही महिना-महिना पावती येत नसेल, विषय टाळला जात असेल, तर मग हा उशीर सरकारी नाही आणि तेव्हा तुझ्या आईवडिलांना बरोबर घेऊन बोलावं लागेल. राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय लग्नांसाठी वेगळा विभाग आहे. लगेच तिथे जा असं मी म्हणत नाहीये, तुझ्या पत्रात नवऱ्याबद्दल वाईट वाटावं असं काही नाही, फक्त ठाऊक असू दे.

नोकरीचं. यावर मी अजिबात गुळमुळीत बोलणार नाही, परत धर. पुण्यात धर, रिमोट मिळाली तर कराडहून कर, पण धर. "आता व्हिसा येईलच, कशाला कंपनीला फसवायचं" हे तू मनात म्हणतेस ना? कंपनीला दोन-तीन महिन्यांची नोटीस देऊन जाता येतं, इंटरव्ह्यूची तारीख आल्यावर पण हातात वेळ असतो, आणि व्हिसा मिळाला की दुसऱ्याच दिवशी विमानात बसावं लागतं असं काही नाही, सहसा सहा महिन्यांपर्यंत मुदत असते. टेस्टिंगमधे दीड-दोन वर्षांची गॅप तिकडे गेल्यावर पण दाखवावी लागणार आहे, तिथले एचआर काय व्हिसाच्या रांगेची गोष्ट ऐकून घेणार नाहीत. आणि पैसे. तुझं पत्र दोनदा वाचलं, सासरी बसून हातखर्चाला कोणाकडे मागतेस ते तू लिहिलेलं नाहीस, मी विचारत पण नाही. पगार सुरू झाला की निम्मं भांडण बंद होईल बघ.

आता कराडमधे हे सांगायचं कोणी? तू नाही. नवऱ्याने. "आई, ती पुण्याला जाऊन नोकरी करणार आहे, मीच सांगितलंय" हे वाक्य त्याच्या तोंडून, फोन स्पीकरवर असताना यायला पाहिजे. सून नवरा नसताना घर सोडून निघाली असं तुझ्या खात्यावर मांडलं जाऊ देऊ नकोस. शनिवार-रविवार जा की कराडला, अडीच-तीन तासांचा तर रस्ता आहे. सासूबाई एकट्या पडतील हे खरंय, त्यांनी तुझ्यावर जीव लावलेला दिसतोय, नाहीतर दुसऱ्यांदा भाजणी भाजायला कोणी चुलीपुढे उभं राहत नाही.

फोनवरच्या भांडणाला एकच उपाय सांगते, केसचा विषय आठवड्यातून एक दिवस. रविवार सकाळ ठरवा, तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र असते, त्या अर्ध्या तासात काय पावती, लॉयर, बुलेटिन ते बोला. बाकी सहा दिवस तो विषय काढला की दंड. नवरा-बायकोचा फोन रोज 'काही अपडेट?' ने सुरू होत असेल तर ते ऑफिसच झालं.

एजंट. त्याचा नंबर ब्लॉक कर. टूरिस्ट व्हिसाला अर्ज करणं बेकायदा नाही, पण तुझ्या नावाने कायमचं जायचा अर्ज आधीच पडलेला आहे, त्यामुळे ही परत येणार हे अधिकाऱ्याला पटवणं फार अवघड, बहुतेक वेळा २१४(बी) या, परत येईल असं पटलं नाही म्हणायच्या कलमाखाली नकार हातात देतात. आणि टूरिस्ट व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममधे सरळ प्रश्न आहे की तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे कायमचं जायचा अर्ज, भरलंय का. हे एजंट लोक तिथे 'नो' टाकतात. ते खोटं पकडलं गेलं की आयुष्यभराची बंदी लागू शकते, मग तुझी आत्ताची सरळ केस पण गेली. पाच-पन्नास हजार त्याला देऊन हे विकत घ्यायचं?

नवऱ्याला इकडे बोलाव, जरूर बोलाव, पण सहा-आठ महिने नको. सलग सहा महिन्यांच्या वर अमेरिकेबाहेर राहिला तर सिटिझनशिपसाठी लागणारं त्याचं तिकडचं सलग राहणं तुटलं असं धरलं जाऊ शकतं. आणि ती सिटिझनशिप तुझ्यासाठी दुसरा रस्ता आहे, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. सप्टेंबर २०२२ चं कार्ड म्हणजे पाच वर्षं सप्टेंबर २०२७ ला होतात, आणि त्याच्या ९० दिवस आधी म्हणजे जूनमधे तो अर्ज भरू शकतो. शपथ झाली की तू सिटिझनची बायको, मग एफ-२-ए ची रांग तुला लागूच नाही, कोटा नाही. हाच आय-१३० मग सिटिझनच्या बायकोचा म्हणून धरला जातो, परत भरावा लागत नाही, फक्त केस जिथे असेल तिथे त्याचं सर्टिफिकेट पाठवून कळवायचं. तारीख आधी येते का तो सिटिझन आधी होतो, जे पहिलं होईल ते. म्हणून चार-पाच आठवडे असं वर्षातून दोनदा त्याने यावं, ते सगळ्यात बरं. तिकिटं आणि बोर्डिंग पास जपून ठेवा, लग्न खरं आहे याचा तो पुरावा पण होतो.

मुलाचं. हे तुमचं दोघांचं, हळदीकुंकवातल्या बायकांचं नाही. कागदापुरतं एवढं माहीत असू दे की वाट बघताना इथे मूल झालं तर एफ-२-ए मधे ते तुझ्याच केसमधे जोडता येतं, पण नवरा मधेच सिटिझन झाला तर मुलासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो, तेव्हा ठरवायच्या आधी लॉयरला हा प्रश्न विचारा, फी घेतलीय ना त्याने. ३३ वय आहे तर पुढच्या वेळी तो आला की दोघं एकदा डॉक्टरकडे जाऊन या, ते व्हिसावर टाकू नका.

उशिराचा एक फायदा आहे, तो पण सांगून टाकते. तिकडे पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झालेली असली की सरळ दहा वर्षांचं कार्ड मिळतं. दोन वर्षं व्हायच्या आत गेलेल्यांना दोन वर्षांचं अटीचं कार्ड देतात आणि मग ती अट काढायला परत अर्ज, परत वाट.

आणि हातातलं काम म्हणजे तुझे कागद, कारण आय-१३० झाला की केस न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरला जाते, तिथून बीएमबी ने सुरू होणारा मुंबईचा केस नंबर येतो, फी भरायची, डीएस-२६० हा कायमच्या व्हिसाचा फॉर्म भरायचा, कागद अपलोड करायचे, आणि शेवटी मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यू. आपल्या बायकांचं घोडं तिथे नावावर अडतं. तुझा जन्मदाखला काढून बघ, त्यावर नाव आहे का नुसतं 'मुलगी' लिहिलंय? आपल्याकडे ९० च्या आसपासच्या कित्येक दाखल्यांवर तसंच असतं. नसेल तर नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत जिथे नोंद असेल तिथे जाऊन नाव चढवून घे. नोंदच नसेल तर नोंद नसल्याचा दाखला आणि सोबत दुसरे पुरावे लागतात. आई-वडिलांची नावं तुझ्या पासपोर्टवर आहेत तशीच आहेत का ते बघ. लग्नात तांदळात नाव बदललं असेल तर आत्ता पासपोर्ट, आधार, विवाह नोंदणी सगळीकडे नेमकं कुठलं नाव आहे ते एका कागदावर लिहून काढ, मग काय एकसारखं करायचं ते ठरव, आणि त्याने अर्जात कुठलं नाव टाकलंय ते आधी विचार. पोलीस क्लिअरन्स आत्ता काढू नको, जुना झाला तर परत काढावा लागतो. मेडिकल तर इंटरव्ह्यूची तारीख आल्यावरच.

पावती मागितलीस की काय उत्तर आलं ते कळव. नाही आली तरी कळव.

– मावशी