उल्का हातात घेतली तर चटका बसेल?

प्रश्न : आमच्या आजी सांगायच्या, आकाशातून पडलेल्या दगडाने गंजी पेटते. हे खरं का?

उत्तर : मीही वर्गात वर्षानुवर्षं ‘लालभडक दगड’ असंच शिकवलं. मग हिमाचलमधल्या धरमशाला गावची हकिगत वाचली आणि गप्प बसलो. 14 जुलै 1860 रोजी तिथे उल्का कोसळली. लोकांनी लगेच तुकडे उचलले, तर ते इतके थंडगार की बोटं बधिर झाली!

फ्रीझरमधलं कटलेट घाईने तळून पाहा. वरून खरपूस, आत बर्फ. उल्केचंही तसंच. वातावरणात ती सेकंदाला 11 किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने शिरते, पण जळते काही सेकंदच. वितळलेला थर वाऱ्याबरोबर उडून जातो आणि उष्णताही घेऊन जातो. दगड उष्णतेचा मंद वाहक, त्यामुळे आतला गारठा टिकतो. शेवटचे काही किलोमीटर तर ती न चमकता, थंड हवेतून नुसती पडत असते. उरते ती जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी साल.

लोखंडी उल्का मात्र कोमट लागू शकते. गंजी पेटण्याचं म्हणाल, तर मी आधी शेजारच्या बिडीवर संशय घेईन.